दौलतखानाची तक्रार

गेल्या शिवजयंतीला सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बोलायला गेलो होतो. मंडळाच्या पोरांनी मंडपाच्या दाराशी मोठा फ्लेक्स लावला होता. ‘शिवरायांचे मुस्लिम शिलेदार’ असा मथळा, आणि खाली ओळीने नावे. नूरखान बेग, सिद्दी हिलाल, इब्राहिमखान, दौलतखान, काझी हैदर, मदारी मेहतर. मला बोलावणे का आले, हे तो फ्लेक्स पाहताच कळले. सांगली-साताऱ्याकडच्या आम्हा लिहिणाऱ्या मुसलमानांना फेब्रुवारी महिन्यात बरीच मागणी असते. ही यादी वाचून दाखवायची, टाळ्या घ्यायच्या, नारळ-शाल घ्यायची आणि शेवटची एसटी पकडायची. आठ-दहा वर्षे मी हेच करीत आलो आहे.

त्या दिवशी भाषण संपल्यावर नववी-दहावीतला एक मुलगा जवळ आला. म्हणाला, “सर, दौलतखान आरमारात होता म्हणाला तुम्ही. पण त्यानं नेमकं केलं काय?”

मी काहीतरी बोललो. आरमाराचा प्रमुख होता, लढाया केल्या, असेच. मुलाने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते. एसटीत बसल्यावर मनात येत राहिले, की इतकी वर्षे मी हे नाव घेतोय आणि माझ्याकडे त्या माणसाचे एकही काम सांगण्यासारखे नाही.

घरी आल्यावर जुनी पुस्तके काढली. दौलतखानाची माझी पहिली खरी भेट झाली ती कुठल्या लढाईत नव्हे. ती झाली एका तक्रारीत.

जानेवारी १६७५ मधले शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. पत्र प्रसिद्ध आहे. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातले एखादे वाक्य पोस्टरवर किंवा व्हॉट्सॲपवर वाचलेही असेल. ब्राह्मण म्हणून तुझा मुलाहिजा कोण ठेवणार, असे महाराज त्यात सुभेदाराला विचारतात, आणि बहुतेक लोक तेवढेच वाक्य उचलतात. ब्राह्मणविरोधी बाजू ते आनंदाने वापरते, दुसरी बाजू त्यावर खुलासे देत बसते. या भांडणात पत्राचा मूळ विषय हरवतो. मूळ विषय आहे धान्य.

झाले होते असे. जंजिऱ्याच्या सिद्दीला जमिनीवरून वठणीवर आणणे शक्य नव्हते. त्याचा किल्ला समुद्रात, त्याच्या तोफा लांब पल्ल्याच्या आणि पाठीशी आधी आदिलशाही, नंतर मोगल. तेव्हा महाराजांनी त्याच्या वायव्येला, मुरूडच्या समोर कासा नावाच्या खडकावर आपलाच एक जलदुर्ग उभारायला घेतला. तोच पद्मदुर्ग. शत्रूच्या राजपुरीच्या उरावर आपली दुसरी राजपुरी, अशी कल्पना त्यामागे होती. या ठिकाणी आरमार घेऊन उभे होते दोन अधिकारी, दर्यासारंग आणि दौलतखान. त्यांच्यासाठी आणि पद्मदुर्गाच्या कामासाठी लागणारा पैसा व धान्य प्रभावळीच्या सुभ्यातून द्यायचे ठरले होते. तशा वराता काढल्या होत्या. वरात म्हणजे आजच्या भाषेत अमुक खजिन्यातून अमुक रक्कम द्यावी असा हुकूम, ट्रेझरीवरची चिठ्ठीच म्हणा ना. वरात निघाली, पण माल निघाला नाही. जिवाजी विनायक गप्प बसला. दोघा अधिकाऱ्यांनी वर कळवले की पैसाही आला नाही आणि गल्लाही आला नाही.

महाराजांचा राग वाचण्यासारखा आहे. समुद्रात खडकावर माणसे उभी आहेत, समोर हबशी टपून बसला आहे, आणि ज्याने रसद पाठवायची तो स्वस्थ बसतो. मग त्याला हबशाने काही देऊन फितवले असे का समजू नये, असे ते सुभेदाराला विचारतात. पुन्हा असे झाले तर परिणाम काय होईल तेही स्पष्ट सांगतात. ब्राह्मण असण्याचा उल्लेख येतो तो इथे. सुभेदाराच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच्या जातीचा उल्लेख आला असता. म्हणजे पत्रात जात आहे, पण पत्र जातीबद्दल नाही. उपाशी राहू पाहणाऱ्या एका कामाबद्दल ते आहे.

आणि त्या पत्रात ज्यांच्या म्हणण्यावर राजाने विश्वास ठेवला, त्यातला एक दौलतखान आहे. त्याने मागितले होते माणसांसाठी खायला.

मी गवंड्याचा मुलगा. सांगलीत कृष्णेच्या काठाला आमचे घर. अब्बांनी चाळीस वर्षे करणी धरली. त्यामुळे हे पत्र मी आधी इतिहासकारासारखे वाचू शकलो नाही. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी पगार आला नाही तर काय होते ते मला माहीत आहे. मी पाचवीत असताना एका ठेकेदाराने अडीच महिन्यांची मजुरी बुडवली होती. काम सरकारी इमारतीचे होते, पैसे वरून सुटलेही होते, पण मधे कुठेतरी अडकले. अब्बा आणि इतर आठ-दहा गवंडी रोज सायकलवर त्याच्या घरी जाऊन बसायचे. तक्रार कोणाकडे करायची हेच कोणाला ठाऊक नव्हते. तो ठेकेदार आमच्याच जमातीतला होता, हेही सांगून टाकतो.

अब्बांना मी पद्मदुर्गाचे फोटो दाखवले. त्या किल्ल्याच्या पडकोटाचा, म्हणजे बाहेरच्या कोटाचा, कमळाच्या पाकळ्यांसारखा बुरूज सर्वांना माहीत असतो. अब्बांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला. त्यांनी बोट ठेवले ते तटाच्या एका भागावर. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. अब्बा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पत्थर गया रे, चुना रह्या.” मग विचारले, “कोन करे ये काम?”

त्यांच्या प्रश्नाचे एका नावाने उत्तर नाही. पण काम कसले होते ते आपल्याला सांगता येते. भर समुद्रातल्या खडकावर बांधकाम करायचे म्हणजे पहिला मालक भरती-ओहोटी. पायाचे काम ओहोटीच्या काही तासांतच होणार. चुना भाजायचा किनाऱ्यावर, घाणीत मळायचा किनाऱ्यावर, आणि मचव्यातून खडकावर न्यायचा. पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार, भट्टीवाले यांना घेऊन जाणारे कोळी, भंडारी आणि दालदी खलाशी वेगळे. पिण्याचे पाणीसुद्धा, टाकी खोदून पाऊस साठेपर्यंत, होडीतूनच यायचे. जमिनीवरच्या गवंड्याला एक वेळ भाकरी नाही मिळाली तर तो गावात जाऊन मागून आणेल. खडकावरच्या गवंड्याला कुठे जायचे? म्हणून तिथे रसद थांबली की पहिल्या आठवड्यातच काम बंद. सुभेदाराच्या आळसाला महाराज फितुरी का म्हणाले, ते इथे लक्षात येते.

पद्मदुर्ग हे असले पहिले काम नव्हते. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये हाती आली आणि दोन वर्षांत तिथल्या खाड्यांत लढाऊ जहाजे बांधायला सुरुवात झाली. पोर्तुगीजांच्या कागदांत रुई लैतांव व्हियेगश या जहाज बांधणाऱ्याचे नाव येते. त्याच्या हाताखाली शेकडो माणसे शिवाजी महाराजांसाठी राबत होती, आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडून पळून यायला लावले. काम सुरू करणारे गेले, तरी तोवर स्थानिक कारागीर हाताशी तयार झाले असणार, कारण जहाजे बनतच राहिली. १६६५ मध्ये मालवणहून बसरूरवर स्वारी निघाली तेव्हा इंग्रजांनी ८५ लहान आणि तीन मोठी जहाजे मोजली. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १६६४ मध्ये, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला होता.

पण माझ्या मते या सगळ्यांत अवघड काम खांदेरीचे. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर हे बेट. इथे किल्ला झाला तर मुंबईला येणारे-जाणारे प्रत्येक जहाज मराठ्यांच्या नजरेखालून जाणार, हे इंग्रजांना चांगले कळत होते. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस, पावसाळा पुरता सरायच्या आत, मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तट रचायला लागला. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. तरी थळ आणि नागावहून लहान होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवत दगड, चुना आणि धान्य पोचवत राहिल्या. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला तो फसला, त्यांचा लेफ्टनंट थॉर्प तिथे मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखान पन्नास-साठ गलबते घेऊन इंग्रजांच्या आठ जहाजांवर तुटून पडला. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज मात्र एकटेच लढत राहिले, त्याने काही गलबते बुडवली, आणि दौलतखानाला नागोठण्याच्या खाडीत माघार घ्यावी लागली. लढाई म्हणून पाहिली तर ती इंग्रजांनी जिंकली म्हणावे लागेल. पण बेटावरचे काम थांबले नाही. पुढे सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले, तरीही नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. आरमार काय कामाचे होते, हे या प्रसंगातून दिसते. दौलतखानाची गलबते लढत होती ती गवंड्यांचे हात चालू राहावेत म्हणून.

इथे यादीबद्दल दोन शब्द बोलतो, कारण आपल्याच लोकांना ते आवडणार नाहीत. मदारी मेहतरच्या कथेला समकालीन कागदाचा आधार दाखवता येत नाही. सैन्यात इतके टक्के मुसलमान, अंगरक्षकांत इतके, हे जे आकडे भाषणांत फिरतात त्यांनाही कसला कागद नाही. मीसुद्धा पूर्वी ते वापरले आहेत. दर्यासारंग हे नाव नसून किताब आहे, आणि तो मुसलमान असल्याचे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या १६९७ च्या बखरीत सांगतो. आरमाराचे दोन सुभे, एकावर तो आणि दुसऱ्यावर मायनाक भंडारी, अशी त्याची नोंद आहे. दौलतखान मराठी पत्रात आहे आणि इंग्रजांच्या कागदांतही. एवढे भक्कम पुरावे असताना आपण कच्च्या कथांना का चिकटतो? मला वाटते, यादी आपण इतिहासासाठी करत नाही, दाखल्यासाठी करतो. कोणीतरी दाराशी उभा राहून निष्ठेचा दाखला मागतो आणि आपण खिशातून नावे काढून देतो. जितकी जास्त, तितके बरे.

आणि समोरच्या बाजूलाही मुसलमानच होते, हे यादीत बसत नाही. जंजिऱ्याचे सिद्दी कोण होते? दौलतखान ज्याच्याशी झुंजत होता तो सिद्दी कासम होता. पुढे जंजिऱ्याच्याच सिद्दींपैकी सिद्दी मिसरी संभाजी महाराजांकडे आला आणि कासमविरुद्ध लढला. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये जंजिरा आणि किनारा यांच्यामधला समुद्रच भरून काढायला घेतला होता. दगड टाकून वाट करायची आणि चालत किल्ल्यावर जायचे, असा बेत. मोगल फौज कल्याणकडे उतरल्यामुळे ते काम अर्धवट राहिले. या सगळ्यात धर्माची रेघ ओढायला गेलात तर ती एका गलबतातूनही सरळ जात नाही.

आता घाटावर येतो, कारण सातारा-सांगलीच्या वाचकाला वाटेल की या समुद्राच्या गोष्टींशी आपला काय संबंध. परळी आणि साताऱ्याचे किल्ले १६७३ मध्ये स्वराज्यात आले. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने उतरले की चिपळूण, आणि चिपळूणहून खाडीने समुद्र. कोकणात भात होते, पण पोट भरण्याइतके नेहमीच होत नाही. कोकण वरच्या धान्यावर आणि वरच्या पैशावर टेकलेले असे. आरमार उभे राहते ते समुद्रावर, पण त्याला पोसायचे कोणी, हा प्रश्न जमिनीचा असतो.

हे सर्वांत स्वच्छ लिहिले ते रामचंद्रपंत अमात्यांनी. त्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण मी त्या मुलाच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचले. झाडांबद्दलचा भाग बहुतेकांना माहीत असतो. सागवान लागेल ते राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडे लोकांनी मुलांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन. हे सुंदर आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो खर्चाचा नियम. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरातल्या मिळकतीवर त्याला सोडू नये, असे अमात्य सांगतात. नाहीतर आरमारवाले सावकारांना आणि व्यापाऱ्यांना नाडतील आणि बंदरेच बुडतील. पद्मदुर्गाच्या तक्रारीनंतर चाळीसेक वर्षांनी हे लिहिले गेले. जिवाजी विनायकासारखे सुभेदार अमात्यांनी आपल्या कारकिर्दीत किती पाहिले असतील!

मग साताऱ्यात काय झाले? शाहू महाराज १७०८ मध्ये साताऱ्याला गादीवर बसले. कान्होजी आंग्रे आधी ताराराणींच्या बाजूला होता. बाळाजी विश्वनाथाने त्याच्याशी बोलणी केली आणि १७१३-१४ च्या सुमारास तो शाहूंच्या बाजूला आला. त्याला सरखेल पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले मिळाले. राजकारण म्हणून हा मोठा विजय होता. पण यानंतर आरमाराचे पोट साताऱ्याच्या वसुलावर राहिले नाही. ते आंग्र्यांच्या मुलखावर आणि समुद्रातल्या दस्तकांवर, म्हणजे परवान्यांवर, चालू लागले. अमात्यांनी नको म्हटले होते तेच. आरमार राज्याचे न राहता एका घराण्याचे झाले. १७३३ मध्ये शाहूंनी जंजिऱ्यावर मोहीम काढली. रायगड परत मिळाला, जंजिरा मिळाला नाही. त्याच वर्षी सेखोजी आंग्रे वारला, भाऊ-भाऊ भांडू लागले. शेवटी १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांच्या संमतीने आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गापुढे तुळाजी आंग्र्याचे आरमार जाळले. एका जहाजाला लागलेली आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि काही तासांत सगळा ताफा संपला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

याचे कारण एकच होते असे मी म्हणत नाही. तुळाजीही काही साधा माणूस नव्हता, आपल्याच मुलखातल्या लोकांना त्याने छळले होते. पण १६७५ मध्ये खडकावरचा अधिकारी तक्रार करू शकत होता आणि वर ती ऐकणारा राजा होता. ऐंशी वर्षांनी तसे कोणी उरले नव्हते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आपल्या साताऱ्याचा प्रतापगड आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत आणि खांदेरीही आहे, याचा मला विशेष आनंद झाला. पद्मदुर्ग त्यात नाही. मुरूडला जाणारे पर्यटक जंजिरा पाहतात, आणि लांबवर दिसणाऱ्या त्या तटाचे नाव होडीवाल्याला विचारतात.

त्या गावातल्या मुलाचा नंबर मंडळाच्या कार्यकर्त्यांकडून मिळवला आणि जिवाजी विनायकाला लिहिलेल्या पत्राच्या पानाचा फोटो पाठवला. सोबत लिहिले, दौलतखानाने नेमके काय केले त्याचे एक उत्तर यात आहे. दोन दिवस काहीच आले नाही. मग मेसेज आला, “सर, वाचलं. पण मग धान्य पोचलं का?”

मी लिहिले, पोचले असणार. कारण पद्मदुर्ग उभा राहिला. आणि पुढच्याच वर्षी मोरोपंत पेशवे जंजिऱ्यावर चालून गेले. त्या वेळी सोनकोळ्यांचा लाय पाटील रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायला गेला होता, असे सांगतात. तो निघाला होता पद्मदुर्गाच्या बाजूने.

“शिड्या लावल्या का मग?” त्याने लगेच विचारले.

लावल्या होत्या. पण वर चढायची माणसे वेळेवर आली नाहीत. ती का आली नाहीत, ते त्याला पुढच्या रविवारी फोनवर सांगायचे ठरले आहे.